हा कण तुमचा नाही

भिलाईत ओले कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसावी लागते. नाही पुसली तर पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस आडवा पट्टा उमटतो. सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये बायको हे पहिल्याच आठवड्यात शिकली. निवृत्तीनंतर नेहरू नगरात स्वतःचं घर बांधलं, तिथेही दोरीच्या टोकाला फडकं बांधलेलं असायचं. मी आयुष्यभर पोलाद कारखान्यात भट्टीजवळ काम केलं आणि त्यातला थोडा भाग ती रोज फडक्याने पुसत राहिली.

तिचं दुखणं बरं होणारं नाही हे कळलं, त्याच हिवाळ्यात कॉलनीच्या मैदानावर अंतराळावर कार्यक्रम झाला. पुठ्ठ्याचं रॉकेट, शाल, श्रीफळ. वाऱ्यात समई पेटेना, काडेपेटी संपली. प्रमुख पाहुणे म्हणाले, आपण अवकाश जिंकलं आहे. त्यांच्यानंतर दुर्गच्या कॉलेजातले एक प्राध्यापक उठले, तेव्हा निम्मी मंडळी नाश्त्याकडे गेली होती. त्यांनी सांगितलं, त्या जिंकलेल्या अवकाशात बंद पडलेले उपग्रह आणि रॉकेटचे तुकडे फिरताहेत, एकमेकांवर आदळून आणखी तुकडे होताहेत. शिवाय उल्कांची बारीक धूळ खाली पडतच असते, अगदी आपल्या गच्चीवरही. लोहचुंबक फिरवा, एखादा काळा गोल कण मिळेल.

बायकोने हात वर केला. "सर, तिथलं झाडते कोण?"

पाहुणे मोठ्याने हसले. प्राध्यापक हसले नाहीत. "कोणीच नाही, ताई."

कार्यक्रमानंतर हारांची विल्हेवाट शेळ्यांनी लावली. रॉकेट तिथेच कुजत पडलं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पॉलिथिनमध्ये गुंडाळून गच्चीवर बसली होती.

"काय करून राहिली?"

"वरचं एक तरी पाहू द्या मले. मग तर जाणंच आहे तिकडं."

लोहचुंबक अस्वलासारखं केसाळ होऊन आलं. भिलाईत लोखंडाचा कण शोधणं म्हणजे समुद्रात ओलावा शोधणं. पण तिने ती धूळ पांढऱ्या ताटलीत झटकली आणि माझं वाचायचं भिंग लावलं. गोल कण पुष्कळ होते. मला सांगावं लागलं की पोलादाचे थेंब उडाले की तेही गोलच थिजतात.

तिने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "घ्या! आभाळ शोधाले गेली अन् नवराच सापडला." हसताना तिला भिंत धरावी लागली.

तरी तिने नाद सोडला नाही. जिना चढवेनासा झाला तेव्हा मी धुळीची ताटली खाली पलंगापाशी आणू लागलो. गच्चीवर लोहचुंबक घेऊन उकिडवं बसलेल्या म्हाताऱ्याला शेजारी काय समजले, ते मी विचारलं नाही.

एका दुपारी तिने सुईच्या टोकावर एक कण धरला. किंचित लांबट, एका बाजूला खड्डा.

"हा पाहा जी. हा तुमचा नाही."

मी भिंगातून पाहिलं. असले कण मी वर्षानुवर्षं बुटातून झटकले होते. वेल्डिंगचा शिंतोडा.

"नाही," मी म्हणालो. "हा आमचा नाही."

"खरं सांगून राहिले ना?"

"भट्टीवाल्याले विचारून राहिली तू."

तिने तो कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवला आणि करंडा उशाशी घेतला. नंतर तिने लोहचुंबक मागितलं नाही.

होळीच्या आधी ती गेली. राख सावडून आम्ही शिवनाथ नदीच्या काठी उभे होतो. मुलीने पर्समधून करंडा काढला.

"बाबा, आईचा तो वरचा कण आहे यात. अस्थींसोबत सोडू काय? जिथला तिथं जाईल."

गुरुजी घड्याळ पाहत होते. मी तिच्या हातून करंडा घेतला आणि खिशात ठेवला.

"राहू दे. तो माझा आहे."

मुलीने पर्स बंद केली. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं तिला वाटलं असावं.