प्रोफेसरांनी छाटलेल्या पिना

पाइपच्या कारखान्यातल्या त्या मशीन-ऑपरेटरला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. शाळा त्यांनी नववीत सोडली होती, पण ज्यावर आपलं मत नाही असा विषय जगात शिल्लक ठेवला नव्हता. नाव चेष्टेने पडलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

मालकांनी मशीनसाठी नवा स्क्रू आणला. तापलेल्या बॅरलमध्ये फिरत प्लास्टिक वितळवायचं आणि पुढे ढकलायचं, हे त्याचं काम. या नव्याच्या टोकाशी आट्यांऐवजी आखूड, जाडसर पिनांच्या चार रांगा होत्या. प्रोफेसरांनी त्यांवरून बोट फिरवून निकाल दिला, “ही नुसती अडवणूक आहे. माल पुढे जाणार कसा?” सोबतच्या माहितीपुस्तकात याचं उत्तर चांगलं दोन पानं छापलेलं होतं. ते पुस्तक प्रोफेसरांनी जेवणाच्या डब्याखाली घेतलं.

सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या टर्नरकडून त्यांनी सगळ्या पिना लेथवर छाटून आणल्या. विचारायचं कुणाला? त्यांच्याहून शहाणं होतं कोण! मशीन खरोखरच जोरात पळालं, तासाला वीस किलो माल जास्त. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आठवड्याभरात निळ्या पाइपांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. उमटणारच! आटे माल नुसता रेटतात. वितळलेले थर एकमेकांना खेटून, पण न मिसळता सरकत राहतात. त्यांना फोडून, उलटसुलट करून रंग सारखा करायला तर त्या पिना होत्या.

“चूक कोणाची?” मालक कडाडले.

रंगाचे दाणे मोजून मिसळायचं काम प्रोफेसरांच्या मेहुण्याकडे होतं. बायकोचा धाकटा भाऊ. अबोल, वजनकाटा शून्यावर आहे ना ते तीनतीनदा बघणारा. प्रोफेसरांना पिना आठवल्या नाहीत असं नाही. तरी ते म्हणाले, “मापात गडबड होतेय.” सख्ख्या मेहुण्याच्या डोक्यावर खापर फोडताना या गृहस्थाची जीभ जराही अडखळली नाही. मेहुणा घरी बसला.

रेघा मात्र कामावर येतच राहिल्या. दोन महिन्यांनी स्क्रू बनवणाऱ्यांची इंजिनियर बाई आली आणि तिने स्क्रू बाहेर काढायला लावला.

“पिना कुठे गेल्या?”

“झिजल्या असतील,” प्रोफेसर म्हणाले.

“दोन महिन्यांत? सगळ्या, एका रेषेत?”

मालक प्रोफेसरांकडे वळून म्हणाले, “मेहुण्याला उद्यापासून कामावर बोलवा. आणि का बोलावतोय, तेही तुम्हीच सांगायचं. तुमच्या तोंडाने.”

संध्याकाळी प्रोफेसर शिव्या खायच्या तयारीने मेहुण्याच्या घरी गेले. मेहुणा नवाकोरा चष्मा लावून टेबलाशी बसला होता. समोर स्वयंपाकघरातला काटा, आणि त्यावर मीठ.

“या दाजी. डोळे तपासून घेतले. तरी हातच चुकत असेल म्हणून रोज थोडा सराव करतो.”

प्रोफेसरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पिना, लेथ, आणि तेव्हा मुद्दाम घेतलेलं त्याचं नाव.

मेहुण्याने चष्मा काढला. “म्हणजे माझं माप बरोबर होतं?”

“होतं.”

तो धडपडत उठला, आतल्या दाराकडे धावला. “अगं, ऐकलंस का? माझं माप बरोबर होतं!” आनंदाने त्याचा आवाज चिरकला होता. प्रोफेसरांना कुठे बघावं ते कळेना.