दोन दिवस दाबलेला निरोप

दोह्यातल्या अल दुहैलच्या आमच्या कंपाऊंडमधल्या बायका म्हणतात, या आजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. खोटं नाही ते. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची बदली झाली, कुणाकडे इडलीचं पीठ फसलं — माझ्या कानावर आलेली बातमी संध्याकाळच्या फेरीत चार घरं हिंडून येते. पण एक बातमी मी अशी दाबली की ती अजून बाहेर आलेली नाही. मुलाला ठाऊक नाही, सुनेला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा तिची आठवण आली की मी स्तोत्र भरभर म्हणायला लागते, जसं काही देवाला तेवढंच ऐकू येणार नाही. आज तुम्हाला लिहून सांगते. पण हळूहळू सांगेन हं — एकदम नाही जमायचं मला.

दोह्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप यायला तीन वर्षं होती. तेव्हाचं दोहा तुम्ही पाहिलं असेल तर आठवेल, सकाळी ज्या रस्त्यानं नातीला शाळेत सोडलं तो दुपारी बंद असायचा. जिकडे बघावं तिकडे क्रेन. माझा मुलगा प्रसाद अल रय्यानकडे एका स्टेडियमच्या कामावर इंजिनिअर. घरी यायचा तो धुळीनं पांढरा होऊन, आणि जेवतानाही फोन कानाला — “खलास भाई, खलास, कल देखते हैं.” दोन वर्षं त्याला धड सुट्टी नव्हती. ती त्या जुलैत मिळाली, मोजून दहा दिवस. नात इरा तेव्हा दहा वर्षांची, फुटबॉलवेडी. तिनं हट्ट धरला, रिओलाच जायचं, तिथलं मोठं स्टेडियम बघायचं. आणि मंजिरी, माझी सून, म्हणाली, “आई, तुम्ही येणार असाल तरच आम्ही जाणार.”

तिनं नेलं मला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या लक्षात राहील.

रविवारी पोचलो. मंगळवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये जाऊन बसले, कारण तिथं वायफाय चांगलं यायचं. फोन उघडला तर सुहासनं आवाजात पाठवलेला निरोप. सुहास म्हणजे मंजिरीचा धाकटा भाऊ, नाशिकला असतो. “काकू, नानांना अटॅक आलाय. आयसीयूत आहेत. शुद्धीवर आहेत, सारखं ताई कुठंय म्हणून विचारतायत. तिला तुम्हीच सांगा, आणि लवकर पाठवा.”

नाना म्हणजे त्यांचे वडील, माझे व्याही.

त्यानं बहिणीला न कळवता मला का कळवलं? कारण आमच्याकडची रीतच तशी. लांब दिलेल्या लेकीच्या कानावर माहेरची वाईट बातमी एकदम घालत नाहीत. सासरच्या मोठ्या माणसाला आधी सांगायचं. त्यानं तिला जवळ बसवायचं, पाणी द्यायचं, मग शब्द शोधून सांगायचं. माझ्या वडिलांचं मला माझ्या सासूबाईंनी असंच सांगितलं होतं, माझा हात हातात धरून. म्हणजे काय करायचं ते मला चांगलं माहीत होतं. जिन्यावरून वर जायचं, दार वाजवायचं. बस.

मी गेले वर. दार वाजवलं. मंजिरीनं उघडलं — केस ओले, हातात इराची टोपी. “आई, कुठं होतात? चला ना, रोपवेची वेळ निघून जाईल.” आणि मी म्हणाले, “आले, चप्पल घालते.”

असं झालं. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं — की ठरवलं होतं? जिना चढताना एकेका पायरीवर मी काय काय म्हणत होते, ते मला अजून पाठ आहे. प्रसादला दोन वर्षांनी सुट्टी मिळालीय. पोरीनं स्टेडियम अजून पाहिलं नाही. नाना याआधीही एकदा आयसीयूतून हसत घरी आलेत. सुहास जरा घाबरटच आहे. आज दुपारी सांगू, जेवण झाल्यावर सांगू. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हीच यादी वाचून दाखवत आले. यातलं एकेक खरं आहे. आणि त्यासाठी मी गप्प बसले, हे मात्र खोटं.

मला डोंगरावर जायचं होतं.

मी अकोल्याकडची, म्हणजे आपल्या नगरच्या अकोल्याची. डोंगरात जन्मले. पाच वर्षं मी त्या सपाट गावात होते, कंपाऊंडची भिंत, त्यापलीकडे वाळू, वाळूत क्रेन. आणि रिओत समुद्रातून थेट वर आलेले हिरवे डोंगर! विमानातून दिसले तेव्हा मी प्रसादचा दंड इतका घट्ट धरला की त्याला वाटलं मला भीती वाटतेय. त्या दोन दिवसांत दोन डोंगर चढायचं ठरलं होतं. मी सांगितलं असतं तर ते दोन्ही गेले असते. एवढंच होतं ते. एका माणसाची शेवटची हाक एका पारड्यात आणि माझी सहल दुसऱ्यात.

मंगळवारी दोरीच्या गाडीतून पहिला डोंगर झाला. बुधवारी छोट्या रेल्वेनं येशूच्या मोठ्या पुतळ्याकडे. दोन्ही बाजूंना जंगल, आणि त्या जंगलात — विश्वास बसेल का तुमचा? — फणस! बुंध्याला लगडलेले फणस. मी ओरडलेच. इरा म्हणाली, “आजी, सगळे बघतायत, स्टॉप इट!” वर गेल्यावर मंजिरीनं मला मिठीत घेऊन फोटो काढला. दोघी तोंड भरून हसतोय. आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? मी हसण्याचं नाटक करत नव्हते. मला खरंच आनंद झाला होता. मध्येच छातीत काहीतरी टोचायचं, मी पुन्हा खाली समुद्राकडे बघायचे आणि ते जायचं.

तुम्ही विचाराल, दोन दिवस मंजिरीला कळलं कसं नाही? सुहासनं तिला फोन नसता का केला? केला असता. म्हणून मंगळवारीच, गाडीत बसायच्या आधी, मी त्याला लिहिलं — सांगितलं रे तिला. फार कोसळलीय, बोलवत नाही तिला. तू फोन करू नकोस, आणखी रडेल. प्रसाद तिकिटं बघतोय.

चार वाक्यं. चारही खोटी. मोबाइलवर मराठी लिहायला मी आपली आपण शिकले, त्याचं कौतुक आहे माझं घरात. ते कौतुक इथं कामाला आलं.

आणि मंजिरीनं काय केलं? रोज संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर दिवसभराचे फोटो स्टेटसला टाकले. तिला काय ठाऊक? नाशिकला आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून तिचा भाऊ ते बघत होता. त्याच्या मते कोसळलेली त्याची ताई, येशूच्या पायाशी हसत होती.

गुरुवारी सकाळी त्याचा दुसरा निरोप आला. “डॉक्टर म्हणतायत आता बोलवा. काकू, निघालात का?” तेव्हा मी मंजिरीला जवळ बसवलं, पाणी दिलं, हात हातात घेतला आणि म्हणाले, “आत्ताच फोन आला गं.” आत्ताच! ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं रीतीप्रमाणे केलं.

तिनं सुहासला फोन लावला, त्यानं उचलला नाही; बॅगा भरत असतानाच नाना गेल्याचा निरोप माझ्याकडे आला. मी नंतर कितीतरी वेळा हिशोब मांडलाय — मंगळवारी निघालो असतो तर रिओहून साओ पावलो, तिथून दोहा, मुंबई, नाशिक. गुरुवारी दुपारपर्यंत ती त्यांच्या उशाशी असती. ते गेले संध्याकाळनंतर. चार-पाच तास मिळाले असते. काय बोलले असते ते तिच्याशी?

शनिवारी आम्ही नाशिकला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सुहास दारात उभा होता. बहिणीकडे बघून म्हणाला, “आलीस? फोटो छान आलेत.” मंजिरी म्हणाली, “तू वेळेवर कळवलं असतंस तर —” तो म्हणाला, “मी मंगळवारीच —”

तेव्हाच सुटली असती ती गाठ. अर्ध्या मिनिटात. मीच मोठ्यांदा म्हणाले, “अरे, ही काय भांडायची वेळ आहे? घरात सुतक आहे, तुमची आई आत बसलीय.” दोघांनीही माना खाली घातल्या. वडीलधाऱ्या माणसापुढे उलट बोलायचं नाही, हे नानांनीच शिकवलेलं त्यांना. मी त्या शिकवणीच्या आड लपले.

त्या रात्री मंजिरीनं विचारलंसुद्धा — “आई, तो मंगळवारी म्हणून काय म्हणत होता हो?” मी म्हणाले, “मंगळवारी दवाखान्यात नेलं, असं म्हणत असेल.” तिनं मान डोलावली. तिला वाटतं, भावानं दोन दिवस लपवलं. त्याला वाटतं, बहिणीनं कळूनही सहल केली. दोघंही सज्जन, म्हणून कुणी विषय काढत नाही. राखी जाते. त्याचा “मिळाली” एवढाच मेसेज येतो. भाऊबीजेला ती नाशिकला गेलेली नाही, आणि त्यानं बोलावलंही नाही. वर्ल्ड कप आला नि गेला. सुहासला मॅच बघायला या म्हणून प्रसादनं दोनदा फोन केला, तो आला नाही. मला केवढं बरं वाटलं तेव्हा — दोघं एका घरात आली असती, तर एक ना एक दिवस त्या मंगळवारचा विषय निघाला असता.

त्याचा तो पहिला निरोप मी फोनमधून पुसला. विमानात पुसला, मंजिरी शेजारी झोपली असताना.

मी वयाची सबब सांगणार नाही. एकटेपणाचीही नाही. लिहिताना नावं मी बदललेली नाहीत, मुद्दाम. सुहास, तुझ्या ताईला माहीत नव्हतं. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्या फोटोत जी हसतेय तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या शेजारी जी म्हातारी हसतेय, तिला माहीत होतं.