रचनाताईचा नियम

गोंदियातल्या आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या चार जणांच्या ऑफिसात रचना गजभिये टीम लीडर होती. तिचा नियम कडक होता: एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय साइटवर चढवायचा नाही. मी चिडायचो, "काऊन ताई? मी लिहिलेलं मले समजते ना!"

"म्हणूनच दुसऱ्यानं वाचाचं, लोकेश."

२०१२च्या दिवाळीनंतर घाईत तिनंच एक ओळ कोणाला न दाखवता चढवली. मिलवर धान भरडाईसाठी नंबराची तारीख देणाऱ्या आमच्या एका साइटनं सगळ्या शेतकऱ्यांना एकच सोमवार दिला. आमगावच्या राइस मिलसमोर चाळीस ट्रॅक्टर उभे! मी धावतपळत जुना कोड परत चढवला आणि तिच्याकडं वळलो, "ताई, काऊन?"

ती हसत सुटली. "मी लिहिलेलं मले समजत होतं ना!"