साडीचे काठ

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले तेव्हा तिथे फिल्म सोसायटीही निघाली. मी एका हिंदी दैनिकात वार्ताहर होतो. शंकर नगरात एक कलात्मक चित्रपट दाखवणार होते, त्याची बातमी माझ्याकडे आली. सोबत आमचे प्रूफरीडर आले. पन्नाशीचे, मूळ अमरावतीचे, चौबे कॉलनीत राहणारे. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात स्त्रीभूमिका तेच करत.

चित्रपटात एक माणूस मेलेल्या बायकोची साडी नेसतो आणि आरशातल्या बाईवर त्याचे मन जडते. हळूहळू साडीचे काठ त्याच्या कातडीत उतरतात. सोडायला गेला की रक्त येते. लोक हसले. मीही हसलो.

बाहेर चहा घेताना भाऊ म्हणाले, "नाटक संपल्यावर मले साडी सोडावीशीच वाटत नाही. तेवढा वेळ मी माझा असतो."

"मग घरी नेसून बसा ना, भाऊ."

"तुही वहिनी हाकलून देईन मले." ते हसले. मग म्हणाले, "कोणाले सांगू नको."

मी ऑफिसात येऊन ते वाक्य बातमीत घातले. नाव दिले नाही. 'पंधरा वर्षे मराठी नाटकात स्त्रीभूमिका करणारे एक प्रेक्षक' एवढेच लिहिले. नाव नसले की कोणाचे नुकसान होत नाही, अशी माझी समजूत होती. रायपुरात असा माणूस एकच होता, हे मला माहीत होते.

पानाचे प्रूफ त्यांच्याकडेच गेले. मजकुराला हात लावायचा नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, हा त्यांच्या कामाचा नियम. ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"पंधरा नाही. बावीस वर्षं झाले."

आकडा दुरुस्त केलेला होता. ते थोडा वेळ उभे राहिले. वाक्य काढतो, एवढे मी म्हणायला हवे होते. बातमीत तेच एक वाक्य चांगले होते. मी म्हणालो, "थँक्यू, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मंडळात कोणीतरी ओरडले, "काहून बाई, सोडली का साडी?" सगळे हसले. भाऊही हसले.

त्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी भूमिका नाकारली. नायिका एका बँकेतल्या मुलीने केली. भाऊ विंगेत संहिता घेऊन बसले. मी पहिल्या रांगेत होतो. तिचे संवाद ते तिच्या आधी, बाईच्या आवाजात म्हणत होते. मला स्पष्ट ऐकू येत होते.

नाटकाच्या बातमीत मी ते घेतले नाही. त्यांच्याशी बोललोही नाही.