घराला ‘टू’ लागत नाही

लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावात, चर्चमागच्या खोलीत, पिंडरबाई दर गुरुवारी परक्या लोकांना इंग्रजी शिकवायच्या. त्यात सगळ्यांत म्हातारी होती ब्रोनिया. मुलापाठोपाठ पोलंडहून आली आणि कोबी पिशव्यांत भरता भरता हातांनी कामातून गेली. इंग्रजी मात्र एकाच ठिकाणी अडून बसलेलं.

“आय गो टू होम,” ती म्हणायची.

“पुन्हा! अहो, बाजाराला टू, डॉक्टरला टू, चर्चला टू. घराला काही नाही. घरी जायला मध्ये कोण लागतंय?”

“आमच्याकडे लागतं, बाई. तुमची घरं जवळ असतील.”

वर्ग खो खो हसायचा. ब्रोनियाही हसायची, पण तिचं घर खरंच लांब होतं. पोलंडातलं सेयनीजवळचं खेडं, अंगणात आलुबुखाराची झाडं, आणि टेकडीवर नवऱ्याची कबर. तिथे परत जायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

हिवाळ्यात ती दोनदा पडली, एकदा गॅस चालू ठेवून झोपली. मग सून हेदर जवळ बसली आणि हात धरून सावकाश म्हणाली, “ब्रोनिया, यू आर गोइंग इन्टू अ होम.”

हे खरं तर झेनेकने, पोटच्या मुलाने, पोलिशमध्ये सांगायला हवं होतं. पण असलं काही आपल्या भाषेत बोलायला छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मधलं काहीतरी ब्रोनियाच्या कानावरून गेलं. असेल काही; घराला मध्ये काही नसतं, हे बाईंनीच सांगितलं होतं. तिने सुनेच्या गालाचे मुके घेतले. नवरा-बायकोला वाटलं, चला, म्हातारीने समजुतीने घेतलं.

गुरुवारी तिने आपली जिरेनियमची कुंडी पिंडरबाईंना देऊन टाकली.

“अगंबाई, निघालात कुठे?”

“आय गो होम.”

“शाब्बास!” बाईंनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी झेनेकने बॅग गाडीत ठेवली. गाडी गावाबाहेरही पडली नाही. एका विटांच्या इमारतीपुढे थांबली. पाटीवर शेवटचा शब्द होता ‘होम’; इंग्रजीत वृद्धाश्रमालाही हाच शब्द. व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या.

“झेनेक,” ती म्हणाली, “हेदर बोलली तेव्हा मध्ये काही होतं का रे?”

“होतं, आई.” तो रडत होता. “मला वाटलं, तुला कळलंय.”

“कळलं असतं तर आलुबुखाराच्या जॅमसाठी रिकाम्या बरण्या बॅगेत कशाला भरल्या असत्या मी?”

पुढच्या गुरुवारी पिंडरबाई वर्ग बुडवून तिला भेटायला आल्या. ब्रोनिया कोटाची सगळी बटणं लावून पलंगाच्या काठावर बसली होती.

“कोट कशाला चढवलाय?” बाईंनी विचारलं.

“आय गो टू होम,” ब्रोनिया म्हणाली आणि नेहमीसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आता टोकतील म्हणून.

बाईंनी टोकलं नाही.