ताशी चाळीस किलोमीटर चालणारा माणूस

सगळी शाळा त्यांना ‘हमखास बाई’ म्हणायची. गणिताच्या वार्षिक परीक्षेत काय येणार, हे त्यांना आधीच कळायचं. प्रश्नांचे साचे त्यांनी इतके पक्के बसवले होते की नुसते आकडे बदलले, की मुलं डोळे झाकून उत्तर काढत. निकाल लागला की पालक हात जोडत आणि मुख्याध्यापक इतर शिक्षकांना बाईंचं उदाहरण देत.

अशाच एका सराव परीक्षेचे पेपर बाई जेवणानंतर तपासत बसल्या होत्या. पायी जाणाऱ्या माणसाला पुढच्या गावी पोचायला किती वेळ लागेल, असा साधा प्रश्न होता. अर्ध्या गठ्ठ्यावर बरोबरच्या खुणा करून झाल्या आणि बाईंचा हात थबकला. माणसाचा वेग ताशी चाळीस किलोमीटर छापला होता. चाराच्या पुढे एक शून्य जास्त पडलं होतं, आणि पेपर बाईंनीच टाइप केला होता.

त्यांनी नवऱ्याला पेपर दाखवला. चष्म्याचं दुकान चालवणारा तो माणूस खो खो हसला. म्हणाला, एवढ्या वेगानं कोण चालतं? मागे कुत्रं लागलं असेल! बाईही हसल्या. पण मग त्यांनी उरलेले पेपर चाळले. सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं आणि एकाही मुलानं हरकत घेतली नव्हती. बाईंचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, हा प्रश्न कुणालाच विचित्र वाटला नाही का? मुलांनी पेपर पुन्हा उलटून पाहिले. शेवटी नेहमी पहिली येणारी बसड्रायव्हरची मुलगी उभी राहिली.

“मला वाटलं होतं, बाई,” ती म्हणाली. “पण वाटण्याला मार्क नसतात ना.”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं.

त्या आठवड्यात बाई वर्गाला मैदानावर घेऊन गेल्या. माणूस खरोखर किती वेगानं चालतो, हे मोजायचं होतं. मुलांनी अंतर आखलं, घड्याळ धरलं, भांडणं केली. शाळेच्या शिपाईमामांनाही चालवलं. बोलावल्यावर येताना मामांचा वेग एक आणि शाळा सुटल्यावर घरी जाताना दुसराच निघाला, तेव्हा मुलं पोट धरधरून हसली. मग कुणीतरी विचारलं, यातला खरा वेग कुठला? त्या एका प्रश्नावरून बाईंनी सरासरी शिकवली, आणि ती शिकवायला तीन तास गेले.

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. माणूस भला होता, पण निकालाचा जाब वर त्यालाच द्यावा लागे.

“बाई, चालण्याचा वेग कळला,” ते म्हणाले. “आपल्या अभ्यासक्रमाचा वेग कुठं अडला?”

बाईंनी ऐकून घेतलं, पण शिकवणं बदललं नाही. परीक्षेत वर्ग घसरला. ड्रायव्हरची मुलगी चौथी आली. तिचे वडील ड्यूटीवरून तडक शाळेत आले आणि आमच्या पोरीचं घोडं कुठं पेंड खातंय, असं विचारू लागले. मुलीनंच सांगितलं, की एका गणिताचं उत्तर पटेना म्हणून तिनं ते पुन्हा केलं, आणि शेवटच्या दोन गणितांना वेळच उरला नाही.

“यात चूक माझी आहे,” बाई वडिलांना म्हणाल्या. “विचार करायला शिकवलं, पण वेळ सांभाळायला शिकवायचं राहिलं. तेही शिकवीन. मात्र जुने साचे पुन्हा देणार नाही.”

वडील मान हलवत गेले. पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या वर्षी बाईंकडे असलेला स्पर्धा परीक्षेचा खास वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे गेला. बाईंना ते लागलं, नाही असं नाही. ‘हमखास’ हे नावही हळूहळू मागे पडलं. निकाल मात्र सावरला. पूर्वीइतका झळकला नाही, इतकंच.

एका मधल्या सुट्टीत ड्रायव्हरची मुलगी पुस्तक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. पुस्तकातलं एक गणितच चुकलंय, त्यात माहिती अपुरी आहे, असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी डबा बाजूला सारला. दोघींनी आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. शेवटी दिसलं, की पुस्तक बरोबर होतं, चूक मुलीची होती. ती जरा हिरमुसली, मग म्हणाली, उद्या दुसरं एक आणते, त्यात नक्की घोळ आहे.

घंटा झाली. डबा तसाच राहिला होता. बाईंनी तो बंद केला आणि त्या पुढच्या तासाला निघाल्या.