चार बाय तीनची खिडकी
रंधा मारलेल्या सागाचा वास आला की मला आमच्या खर्डीच्या घरातली ती खिडकी आठवते. आई अंथरुणाला खिळली होती. भाताची झोडणी चालू होती आणि पडल्या जागेवरून तिला खळं बघायचं होतं. बाबांनी भिंत फोडली, मापाच्या दोन काठ्या तोडल्या आणि उंचीच्या काठीला सुतळी बांधली. "काठ्या घेऊन कोण जातं आता? मी लिहून देते," मी म्हणाले. घरातली पहिली पदवीधर होते मी. "बरं गो, तू शिकलेली," म्हणत बाबांनी काठ्या चुलीत घातल्या. मी चिठ्ठीवर ४ × ३ लिहिलं, उंची आधी. वाशिंदच्या सुताराने रुंदी आधी धरली, आणि रीत तीच असते. खिडकी आडवी आली, भिंतीत बसेना. सुताराने चिठ्ठी पुढे ठेवून बाबांना सगळं समजावलं. दुसरी खिडकी होईपर्यंत बाबांनी थंडीसाठी तिथे गोणपाट लावलं. त्या गोणपाटाकडे बघतच आई गेली. दिवसांना आलेल्या सगळ्यांना बाबा सांगत होते, "सुतारानं घोळ घातला. पोरीनं बरोबर लिवलेलं." मी शेजारीच बसले होते. आता बाबाही नाहीत, आणि त्या सुतारावरचा ठपका मी अजून काढलेला नाही.